झोपलेलं खाचर

लुंगसारी गावाच्या वरच्या अंगाला उभं राहिलं की भाताची खाचरं डोंगराच्या पोटापासून खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेली दिसतात. सगळी हिरवी, एक सोडून. मधलंच कुठलं तरी एक खाचर कोरडं, भेगाळलेलं, मातकट असतं आणि त्याच्या बांधावर केवड्याच्या पानांची चटई अंथरलेली असते. चटईवर उशी ठेवलेली असते. त्या उशीवर कुणी कधी डोकं टेकत नाही.

बाली बेटावर फिरायला आलेले लोक ही हिरवी उतरंड बघायला इथवर येतात आणि सगळ्यांचं बोट आधी त्या मातकट तुकड्याकडेच जातं. मग पकाक सद्रांना बोलावणं जातं. पकाक म्हणजे आजोबा. डोक्याला पांढरं फडकं, हातात बांबूची काठी, गुडघे कुरकुरणारे. फणसाखालच्या दगडावर बसून ते गोष्ट सांगतात. ती त्यांना इतकी पाठ झाली आहे की सांगता सांगता त्यांचं अर्धं लक्ष गुडघ्याकडे असतं.

त्या दिवशी सकाळी एका बसला सांगून झाली होती. दुपारी दुसरी बस आली, तिच्यात आपल्या कोकणातली मंडळी होती. पकाकांनी एक लांब श्वास सोडला, काठी आडवी ठेवली आणि दुभाष्यामार्फत म्हणाले, "बसा बाबांनो. गोष्ट लांब आहे आणि मी म्हातारा आहे. मधेच थांबलो तर सांभाळून घ्या. उद्यापासून ही गोष्ट दुसरं कुणीतरी सांगेल."

"का हो आजोबा, उद्यापासून तुम्ही का नाही?" चिपळूणच्या एक बाई पुढेच बसल्या होत्या, त्यांनी विचारलं.

"येईल, गोष्टीत येईल," पकाक म्हणाले.

फार पूर्वी, म्हणे, समोरच्या टेकाडावर राजाचा मंडप होता. राजा वाईट नव्हता. हे पकाक दर वेळी आवर्जून सांगतात, कारण राजा वाईट निघाला की ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. याला नुसती हौस होती. मंडपातून ही खाचरं दिसत. दूरदूरचे राजे, दर्यावर्दी व्यापारी पाहुणे म्हणून येत आणि हिरवाई बघून त्यांचे डोळे निवत. एकदा काय झालं, पाहुणे आले आणि नेमकी कापणी उरकलेली. डोंगरभर नुसती धसकटं. पाहुणे काही बोलले नाहीत, पण राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हुकूम काढला, की पाहुणे कधीही येवोत, डोंगर हिरवा दिसला पाहिजे.

हुकूम एवढासा, पण त्याने गावाची झोप उडाली. आज कापणी तर उद्या चिखलणी आणि परवा लावणी. पाट कधी बंद नाही. त्यात पाहुणे आले की गामेलान या वाद्यमेळातल्या मोठमोठ्या घंटा वाजवायच्या, कमानी बांधायच्या, नाच करायचा. बायका दिवसभर कंबरेत वाकून रोपं लावत आणि चिखल धुतला न धुतला तोच केसांत चाफा माळून नाचायला उभ्या राहत. पाहुणा देवासारखा, हे गाव मानतच होतं. पण बालीत देवसुद्धा उत्सवापुरते खाली येतात आणि उत्सव झाला की आपल्या घरी जातात. हे पाहुणे गेले की दुसरे येत.

या गावात चांद्रीची आई राहत होती. तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. आमच्यात मूल झालं की बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, तुमच्याकडेही तसंच असेल, असं पकाक म्हणतात आणि पुढे जातात. नवरा वारलेला. एक खाचर आणि एक मुलगी, एवढाच तिचा संसार. चांद्री गावातली सगळ्यांत गुणी नाचणारी. आणि आईकडे एक मानाचं काम होतं. कापणीच्या शेवटच्या लोंब्यांची बाहुली बांधतात, तिला निनी म्हणतात. ती भाताची आई, देवी श्री. तिला कोठारात नेऊन निजवायचं, हळू आवाजात अंगाई म्हणायची आणि दार लावून घ्यायचं. पुढच्या लावणीपर्यंत तिने झोपायचं असतं. हे बांधणं-निजवणं चांद्रीच्या आईकडे होतं.

पुढे पुढे भात फसायला लागलं. बघायला तसंच हिरवंगार, पुरुषभर उंच, लोंब्याही भरगच्च. पण दाणा चिमटीत दाबला तर आत काही नाही, नुसतं तूस. टेकाडावरून पाहुण्यांना ते कुठून दिसणार? ते खूश होते. इकडे कोठारं रिकामी पडायला लागली.

"पळंज," चिपळूणच्या बाई हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे अशा भाताला पळंज म्हणतात."

दुभाष्याने शब्द सांगितला. पकाकांनी तो तोंडात दोनदा घोळवून बघितला. "म्हणजे तुम्हीही बघितलंय," ते म्हणाले आणि पुन्हा गोष्टीकडे वळले.

गावाला वाटलं, देवी श्री रागावली. मग काय, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. देवीला फुलांच्या जास्त परड्या, देवीसमोर जास्त नाच, कोठाराच्या दाराशी जास्त घंटा. पाहुण्यांसाठी नाचून झालं की त्याच पायांनी देवीसाठी नाच. जितकं भात पोकळ होत गेलं तितका गावाचा गलका वाढत गेला. दुसऱ्या कुठल्या गावाला अशी चूक सुचली नसती, असं पकाक म्हणतात. आमच्या लोकांना देवाला खूश करायचं म्हटलं की वाजवायचंच सुचतं.

अशीच एक कापणी झाली. चांद्रीच्या आईने निनी बांधली आणि तिचा जीव चरकला. लोंब्यांची जुडी हातात पिसासारखी हलकी लागत होती. तिने निनीला कोठारात टेकवलं, अंगाईची पहिली ओळ म्हटली, तोच बाहेरून हाकारे आले. लावणीचा मुहूर्त उद्याच होता आणि त्याच्या पुढच्या रोपांसाठी बीही काढायचं होतं. दार पुन्हा सताड उघडलं. ती घरी आली.

ओसरीवर चांद्रीला नाचासाठी सजवत होते. पोरगी तापाने फणफणलेली होती. आदल्या संध्याकाळी नाचली होती, त्याच्या आदल्याही. बसल्या बसल्या तिची मान लटकत होती. शेजारीण तिच्या डोळ्यांत काजळ घालायला बघत होती, पण पापणी उघडी राहील तर ना. "चांद्री, ऊठ गं, पाहुणे आलेत," म्हणत ती तिला गदगदा हलवत होती. उठत नाही म्हणून कुणीतरी तिच्या कानाशी घंटा वाजवली.

आई दारात उभी राहून बघत होती. आणि तिला एकदम उमगलं, की कोठारातल्या त्या दुसरीचंही आपण हेच केलंय. ती रागावलेली नाही, ती थकली आहे. आपण तिला झोपूच दिलं नाही.

तिने शेजारणीचा हात धरला आणि म्हणाली, "पुरे. आता हिला उठवायचं नाही. तिलाही उठवायचं नाही."

तिने चांद्रीला खांद्यावर घेतलं, कोठारातून निनी उचलली आणि आपल्या खाचरात गेली. पाटाचं तोंड तिने स्वतःच्या हातांनी चिखल लिंपून बंद केलं. बांधावर चटई अंथरली, दोघींना शेजारी शेजारी निजवलं आणि उशाशी बसली. तिने शपथ घेतली असं सांगतात, की या दोघींची झोप पुरी होईपर्यंत मी इथून उठणार नाही आणि डोळ्याला डोळा लावणार नाही. तिची बोटं चांद्रीच्या नाकाशी होती. श्वास बारीक होता, पण होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खाचरांत पाणी चढलं, रोपं उभी राहिली, आणि मधोमध हे एकच कोरडं. टेकाडावरून राजाला ते दिसलं. तो पाहुणे, छत्र्या, वाजंत्री असा सगळा लवाजमा घेऊन खाली उतरला. चढ्या आवाजात त्याने पाणी सोडायला सांगितलं आणि मुलीला उठवून मंडपात आणायला सांगितलं.

चांद्रीच्या आईने ओठांवर बोट ठेवलं. "महाराज, जरा हळू. आत्ताच डोळा लागलाय."

राजाशी असं कुणी बोलत नसे. तो संतापला. त्याने पाण्याच्या मुकादमाला खूण केली, की लिंपण फोड. मुकादमाने कुदळ उचलली, डोक्यावर नेली, आणि त्याला जांभई आली. कुदळ खाली टेकवून तो तिच्यावर रेलला तो रेललाच. त्याची जांभई छत्रीवाल्याने बघितली, छत्रीवाल्याची ढोलकऱ्याने. ढोलकऱ्याने ढोलावरच गाल टेकला. लावणीतल्या बायका बांधाला टेकल्या, खाचरातल्या बदकांनी माना पंखांत घातल्या. किती वर्षांची साचलेली झोप ती. पाहुणेही पेंगले. शेवटी राजा मटकन खाली बसला आणि एका व्यापाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून घोरायला लागला. पाणीसुद्धा आवाज न करता वाहायला लागलं म्हणे.

इथे ऐकणारे हसतात. पकाक त्यांचं हसणं संपायची वाट बघतात आणि तेवढ्यात गुडघा चोळून घेतात.

किती वेळ झोपले? कोण सांगणार, सगळेच झोपलेले. जागी होती ती एकटी. ऊन आलं, दव पडलं, डास चावले. लेकीच्या तोंडावर ऊन आलं तर ती केळीचं पान धरे. राजाच्या तोंडावर आलं तेव्हा तिने बसल्या जागेवरून हात लांबवून त्याचीही छत्री सरकवली, कुणाचं तरी लेकरूच ना तोही. डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं व्हायचं. तिथे बघायला कोण होतं? एक डुलकी काढली असती तर कुणाला कळणार होतं? पण तिने काढली नाही. बोटांना श्वास लागत होता, त्यावर ती बसून राहिली.

मग एका सकाळी चांद्रीने डोळे उघडले. कपाळ गार होतं. "आई, भूक लागली," ती म्हणाली. आईने निनी उचलून बघितली तर जुडी जड लागली. दाणा दाबला तर आत तांदूळ होता. ती हसली, असं सांगतात. म्हणाली, "मी जरा पडते गं आता," आणि लेकीने सोडलेल्या जागेवर आडवी झाली.

मागोमाग राजाला जाग आली. उठल्या उठल्या तो घोड्यासाठी ओरडणार, तेवढ्यात चांद्रीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती म्हणाली. "आईचा आत्ताच डोळा लागलाय."

राजा गप्प झाला. एकेक जण उठत गेला आणि गप्प उभा राहत गेला. सगळे तिच्या उठण्याची वाट बघत थांबले. ऊन चढलं, कललं. चांद्रीने केळीचं पान धरलं होतं. ती उठली नाही. ती आता उठायची नाही हे सगळ्यांच्या आधी मुकादमाला कळलं, पण चांद्रीला सांगायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी राजाने जोडे काढून हातात घेतले आणि अनवाणी, पाऊल न वाजवता बांधावरून निघून गेला. त्यानंतर त्याने या डोंगराबद्दल कधी हुकूम काढला नाही.

आजही लुंगसारीत प्रत्येक हंगामाला एक खाचर झोपतं. पाळी ठरलेली असते. ज्या घराचं खाचर झोपेल ते घरही झोपतं: त्या घरातल्या कुणी नाचायचं नाही, पाहुणे ठेवायचे नाहीत, वाट दाखवायची नाही, गोष्टसुद्धा सांगायची नाही. बाकीची घरं त्यांना भात पोचवतात. त्या बांधाजवळ घंटा वाजत नाही आणि तिथून जाणारा चपला हातात घेतो. चटई चांद्रीच्या आईची असते. ती अजून उठलेली नाही, असं गाव मानतं.

गोष्ट संपली. मंडळी फोटो काढायला पांगली. चिपळूणच्या बाई तिथेच बसून राहिल्या.

"म्हणजे उद्या तुमच्या घराची पाळी?" त्यांनी विचारलं.

"सकाळी पाट बंद करायचाय," पकाक म्हणाले. "मागच्या पाळीला बायको होती. आम्ही दोघं नुसते ओसरीवर बसून राहायचो. फार बरं वाटायचं." त्यांनी फणसाच्या खोडाला पाठ लावली. "फार थकलो बघा मी."

वर रस्त्यावर तिसरी बस येऊन थांबली. तिच्यातला एक उत्साही माणूस दोन-दोन पायऱ्या उतरत आला आणि लांबूनच मोठ्याने विचारू लागला, की गोष्ट सांगणारे आजोबा ते हेच का.

पकाकांची मान कलली होती. बाईंनी वाकून त्यांच्या नाकाशी हळूच बोटं धरली. श्वास होता, चांगला संथ होता. मग त्या वळल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या मराठीतच म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय."

त्या माणसाला भाषा कळली नाही. पण त्याने खाली वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या.