हरणांच्या वाटेवरचा मांडव

पूर्वी वत्सपुरात इंद्रवर्मा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या गवळीवाड्यात जन्मले आणि पुढे त्याच राजाचे मंत्री झाले. पद आले तसे गवळीवाड्यातले जाणे कमी झाले.

पलीकडचे गवत वाळले की काळविटांचे कळप दरवर्षी नदी ओलांडून अलीकडे येत. अलीकडचा काठ उंच होता. वर चढायला एकच वाट होती, गवळ्यांच्या पाणवठ्याच्या घाटाची. तिच्या खालच्या अंगाला सुसरींचा डोह. गवळ्यांची रीत अशी, की कळप यायच्या आधी रांजण भरून ठेवायचे आणि तीन दिवस त्या घाटावर कोणी फिरकायचे नाही. पाणी शिळे होई, पण कुणी कुरकुरत नसे.

एकदा राजाच्या मनात आले, की हे नवल पाहुण्यांना दाखवावे. सगळ्यात जवळून कुठून दिसेल, असे त्याने दरबारात विचारले. हे ठाऊक असलेले एकटे बोधिसत्त्वच. चारचौघांत मिरवायची संधी त्यांनाही सोडवली नाही. त्यांनी घाट सांगितला, रीत सांगितली नाही. सांगितली असती तर मांडव लांब गेला असता आणि कौतुकही गेले असते. बोधिसत्त्व झाले तरी जन्म माणसाचाच होता.

घाटावर रंगीत मांडव उभा राहिला. उत्पला नावाची म्हातारी गवळण रांजण भरायला आली होती, तिने तो पाहिला आणि बोधिसत्त्वांना हाक मारली. लहानपणी तिनेच त्यांना ताक पाजले होते.

"बाळा, ही जागा राजाला कुणी दाखवली?" तिने विचारले.

बोधिसत्त्व मान वळवून मांडवाकडे पाहू लागले. म्हातारी काय ते समजली आणि घागर उचलून निघून गेली. तेव्हाच त्यांनी मांडव हलवायला सांगायला हवे होते. पण पाहुणे येऊन बसले होते आणि त्यांच्यासमोर चूक कबूल करण्यात कमीपणा होता.

दुपारी कळप पलीकडे आला आणि पाण्यात उतरला. अर्ध्या पात्रात पुढच्या हरणांना मांडव दिसला आणि ती थबकली. मागची रेटत होती, पुढची वळत होती. कडेची हरणे धारेला लागून डोहाकडे वाहू लागली, त्यांत पाडसेही होती. पाण्यात सुसरीची पाठ दिसली तशा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या ऐकून बोधिसत्त्वांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते उठले, शिपायाच्या कमरेची सुरी ओढली आणि मांडवाचे दोर कापू लागले. कापड पाहुण्यांच्या डोक्यावर आले, एकच गोंधळ उडाला. राजा संतापून पुढे आला.

"महाराज, ही त्यांची चढायची वाट आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "मला ठाऊक होते. मोठेपणासाठी मी गप्प राहिलो."

राजाने नदीकडे पाहिले आणि स्वतःच एक खांब उपटला. माणसे बाजूला झाली. कळप वर आला आणि रानात गेला. शेवटी आलेली एक हरिणी मात्र काठावर उभी राहून डोहाकडे बघत राहिली. तिच्यामागे पाडस नव्हते. आता टाळ्या वाजवायला कुणाचे हात उठले नाहीत.

बोधिसत्त्वांनी दंड मागितला. राजा म्हणाला, "वाट मी अडवली. तुला दंड कोणत्या तोंडाने देऊ?" पुढे दरवर्षी ते तीन दिवस राजवाड्यातही रांजणातले शिळे पाणीच प्यायले जाई. बोधिसत्त्व गवळीवाड्यात जाऊन उत्पलेचे रांजण स्वतः भरून देत. ती त्यांना ताक देई, पण पुन्हा कधी बाळा म्हणाली नाही.

अनेक जन्मांनंतर, बोधिसत्त्व बुद्ध झाले तेव्हा, विहारात भिक्खू सुमन रोज चौघांना घेऊन पक्ष्याचे घरटे दाखवायला जाई. पक्षीण अंडी टाकून उडून गेली, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. सुमनाने मान खाली घातली. शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे हा सुमन. गवळण उत्पला म्हणजे आज विहाराला पाणी आणून देणारी उपासिका खेमा. आणि जागा दाखवणारा तो मंत्री मीच होतो." त्या जन्मी बोधिसत्त्व जो गुण शिकले, त्याचे नाव लज्जा.