गालातली चिक्की

घाटातल्या एका जंगलात, मोटारींचा रस्ता जिथे वळण घेतो त्याच्या वरच्या झाडीत, एक माकडीण आपल्या पिल्लासह राहत असे. मुलांनो, तिचा एका गोष्टीवर फार भरवसा होता. एकदा तिच्या तळहातात करवंदीचा काटा खोल रुतला होता. तिने ती जखम चार दिवस चाटली आणि जखम भरून आली. तेव्हापासून ती साऱ्या टोळीला सांगे, "लाळेत औषध असतं. तोंडाची काळजी तोंडच घेतं."

वळणावर थांबणारे प्रवासी माकडांना चिक्कीचे तुकडे टाकत. पिल्लू जरा कुरकुरले, की माकडीण त्याच्या हातावर एक तुकडा ठेवी. माकडाच्या गालाला आतून पिशवी असते. पिल्लू तुकडा तिथे सारून दिवसभर चघळत राही. दुपारी आईच्या पोटाला बिलगून झोपले, तरी तो गालातच असे. टोळीतली एक म्हातारी माकडीण तिला म्हणाली, "अगं, निदान झोपताना तरी तो तुकडा काढून घेत जा. दात किडतील त्याचे."

"मावशी, दात तर सदा लाळेत भिजलेले असतात," ती हसून म्हणाली. "त्यांना काय होणार?"

एके सकाळी पिल्लाने पिकलेल्या उंबराचा चावा घेतला आणि ते किंचाळले. फळ आईच्या पुढ्यात पडले. त्या मऊ गरात एक तपकिरी कपची रुतली होती. तिला आधी ती साल वाटली. मग तिने पिल्लाचा वरचा ओठ उचलला आणि तिचा हात तिथेच थांबला. पुढचे चारही दात हिरडीपाशी काळे पडून पोखरले गेले होते, आणि त्यांतला एक अर्धा मोडला होता. या लेकराच्या अंगावरची एकेक ऊ ती रोज वेचून काढत होती, पण हा ओठ तिने एकदाही उचलून पाहिला नव्हता. मग ती त्याची हिरडी चाटू लागली. तो दिवस गेला, दुसरा गेला. हिरडी सुजली आणि पिल्लू पाणीसुद्धा नको म्हणू लागले. शेवटी त्याला छातीशी धरून ती म्हातारीकडे गेली.

"मावशी, माझ्या लाळेतलं औषध संपलं का गं?"

म्हातारीने पिल्लाचे तोंड उघडून नीट पाहिले. "संपलं नाही. लाळ जंतूंशी लढते, दात धुते, थोडीफार झीज भरूनही काढते. पण तोंड रिकामं असलं तरच तिला हे जमतं. याच्या गालात तर तू सदा गूळ ठेवलास. जंतूंना खायला मिळत राहिलं आणि लाळेला उसंत मिळाली नाही. त्यात झोपेत लाळ आटते. तेव्हा हे दात राखायला कुणीच नसायचं."

"म्हणजे हे मी केलं?"

म्हातारीने पिल्लाच्या गालात बोट घालून चिकट तुकडा बाहेर काढला आणि आईच्या हातावर ठेवला. "मोडलेलं भरून येणार नाही," ती म्हणाली. "मागच्या दाढा अजून पांढऱ्या आहेत. त्या राख."

माकडिणीने रस्त्याकडची झाडे सोडली. पिल्लू चिक्कीसाठी रडले, तिला चावलेसुद्धा, पण ती बधली नाही. काही दिवसांनी सूज उतरली आणि पिल्लू तोंडाच्या कडेने पाला चावू लागले. खाऊन झाले, की ती त्याला पाणी पाजी आणि ओठ उचलून पाही. दाढा शाबूत राहिल्या. समोरचे ते चार काळे, पोखरलेले दात मात्र दर वेळी तसेच दिसत.

तात्पर्य : शरीर आपले रक्षण करते, पण त्याला तेवढी सवड द्यावी लागते; लाळेच्या भरवशावर लहानग्यांचे तोंड दिवसभर गोड ठेवू नये.