बोरवाकडीच्या धाब्यावरचं साणं

दमानं चढा. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, आणि तुमच्यातल्या काहींचे गुडघे शहरातले दिसतात. हं, आता वर आलात तर नजर फिरवा. बोरवाकडीतली जुनी घरं सगळी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. प्रत्येक छपरात, खालच्या चुलीच्या बरोबर वर, एक चौकोनी भोक आहे. त्याला आम्ही साणं म्हणतो. धूर त्यातून वर जातो आणि उजेड खाली येतो. भोवती मातीचा उंचवटा आहे, त्यामुळे छपरावरचं पाणी आत वाहत नाही. फार मोठा पाऊस आला तर वर फरशी सरकवायची. तिकडे खालच्या आळीला सिमेंटचे स्लॅब दिसतात ना, त्यांतही साणं आहे. घरात गॅस आला तरी आहे. एक इंजिनिअर म्हणाला होता, स्लॅबला भोक पाडलं तर गळेल. आम्ही त्याला चहा पाजला आणि भोक पाडलं.

मला गावात गिरणीवाले तात्या म्हणतात. चाळीस वर्षं पीठ दळलं, त्यामुळे छातीत हवा कमी आणि पीठ जास्त. हवेची किंमत मला विचारा. पण ही गोष्ट माझी नाही, गावाची आहे. जशी ऐकली तशी सांगतो.

पुंडांच्या टोळ्या गावं लुटत फिरायच्या, त्या काळातली गोष्ट. राणोजी पाटील तेव्हा गावचे कारभारी होते. त्यांच्या घराच्या भिंती दोन हात रुंदीच्या, पांढऱ्या मातीच्या. वैशाखात आत शिरलं की अंग निवायचं आणि पौषात त्याच भिंती ऊब धरून ठेवायच्या. बांधणाऱ्याचे हात सोन्याचे असले पाहिजेत, मी तर अजून त्या भिंतीला जाता-येता हात लावतो. एवढ्या भक्कम घरात एकदा एक लुटारू साण्यातून दोर सोडून उतरला आणि त्यानं राणोजींच्या म्हाताऱ्या बापाला मारलं. राणोजींनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घरातली खोलीखोलीतली सगळी साणी दगडमातीनं बुजवली. पाटलानं बुजवली म्हणून गावानंही बुजवली. आतून प्रत्येक दाराला अडसर बसला. चोराला वाट उरली नाही, असं सगळ्यांना वाटलं. धुरालाही उरली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे पुरुषांच्या लक्षात आलं नाही.

अशी बारा वर्षं गेली, असं सांगतात. पाटलांची सून गिरजा दोनदा बाळंत झाली आणि दोन्ही लेकरं चार दिवसांच्या आत गेली. आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत. दाराला गोधड्या लावायच्या, फटीत चिंध्या कोंबायच्या आणि आत शेगडीवर गोवऱ्या धुमसत ठेवायच्या. लेकरू गेलं की सटवाईचा कोप म्हणायचं. कुणी देवीला बोललं, कुणी गिरजेच्या पायगुणाला बोललं. शेगडीला कुणी बोललं नाही.

तिसऱ्या खेपेला पौषात गिरजेला मुलगी झाली. सुईण होती येसाई, गावकुसाबाहेर राहणारी. एरवी तिची सावलीसुद्धा पाटलाच्या उंबऱ्यावर चालत नसे, बाळंतपणात मात्र तिच्याशिवाय चालत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी येसाईनं पाहिलं की कोनाड्यातला दिवा मंद होत चाललाय, गिरजा डोकं धरून बसलीय आणि लेकराचे ओठ काळसर पडलेत. तिनं लेकराला गुंडाळून अंगणातल्या उन्हात आणलं. ते रडलं, लालबुंद झालं. आत नेलं की पुन्हा मान टाकायचं. असं तिनं तीनदा करून पाहिलं, मग कुणाला न विचारता मायलेकींना उचलून उन्हात पडद्याआड ठेवलं. घरात एकच कालवा झाला.

राणोजी धावत आले. "येसाई, लेकराला वारं लागंल. आत ने."

"मालक," येसाई म्हणाली, "आमच्या झोपडीच्या कुडातनं वारं आरपार जातंय. आमची लेकरं भुकंनं मरत्यात, पर अशी काळी पडून न्हाई मरत. त्या खोलीचं साणं उघडा."

"त्याच भोकातनं माझ्या बापाचा काळ उतरला."

"चोर कधी येईल ते मला म्हाईत न्हाई. धूर मातूर आलेला हाय."

पाटलाला असं उलट बोलायची रीत नव्हती. राणोजींचा पारा चढला. म्हणाले, "मी तलवारीचे वार झेललेत. धुरानं कुणी मरतंय व्हय? मी बसतो आत. सकाळच्या भाकरी होईस्तवर बसतो. धड बाहेर आलो की लेकरू आत जाईल, आन तू गावाच्या शिवेबाहेर." येसाईनं होकाराची मान हलवली. ते लेकरू आता पाटलाच्या छातीतल्या हवेवर टांगलं होतं.

राणोजी रिकाम्या खोलीत गेले. शेगडीवर नव्या गोवऱ्या घातल्या आणि बारा वर्षांच्या सवयीनं दाराला आतून अडसर लावला.

पाटलीणबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. नववी भाकरी तव्यावर असताना आत धप्प आवाज झाला, म्हणे. हाका मारल्या तर उत्तर नाही. दाराला गडी भिडले, पण ते दार पुंडांनाही फुटू नये म्हणूनच केलं होतं. येसाईनं अंगणातलं मुसळ उचललं आणि जिना चढून धाब्यावर गेली. तिच्या माणसांपैकी त्या छपरावर आजवर कुणी पाय ठेवला नव्हता. बुजवलेल्या साण्यावर तिनं घाव घातले. माती खचली, दगड खाली गेले आणि धुराचा लोट असा उसळला की गावाला वाटलं घर पेटलं. राणोजींच्या बापाचा मारेकरी ज्या वाटेनं उतरला होता, त्याच वाटेनं येसाई खाली उतरली. तिनं अडसर काढला आणि पाटलाला बखोटीला धरून ओढत अंगणात आणलं. किती मोठं काळीज असेल त्या बाईचं! सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

बऱ्याच वेळानं राणोजींनी डोळे उघडले. आधी विचारलं, "लेकरू?" पडद्याआडून लेकरानंच टाहो फोडून उत्तर दिलं. मग त्यांना समोर बायको दिसली, हाताला पीठ आणि डोळे लाल. बारा वर्षं ते डोळे तसेच होते. राणोजींना वाटायचं, ही बाई उठल्यासुटल्या रडते. रडव्या बायकोचा त्यांना कंटाळा होता.

"तू रोज यातच बसतीस?" त्यांनी विचारलं.

"साणं बुजल्यापासनं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"अवं, तुमचा बाप गेलता त्या वाटंनं," पाटलीणबाई म्हणाल्या. "काय बोलावं मी?"

राणोजी तेव्हा रडले, असं सांगतात. भर अंगणात, गड्यांच्या देखत रडले. त्याच दिवशी त्यांनी येसाईच्या हातचं मुसळ मागून घेतलं आणि छपराछपरावरून फिरत गावातली सगळी साणी मोकळी केली. तिथंच शपथ घेतली, की बोरवाकडीत साणं पुन्हा बुजणार नाही. चोराची भीती असेल तर ती पुरुषांनी वाहायची, बायकांच्या डोळ्यांवर टाकायची नाही. पुढं मरेपर्यंत राणोजी साण्याशेजारी धाब्यावरच झोपले, आणि गावातले बाप्येही आपापल्या साण्याशी झोपू लागले. एकदा पुंड आले, तर म्हणे प्रत्येक छपरावर एक माणूस आणि एक धुराची रेघ पाहून त्यांना वाटलं, फौजेचा तळ पडलाय. आल्या वाटेनं गेले. खरं-खोटं देव जाणे. पण ती मुलगी जगली, हे खरं. तिच्या वंशातली पंधरा-वीस घरं आज गावात आहेत.

आजही बोरवाकडीत नवं घर झालं की वास्तूच्या दिवशी घरधनी दार लावून चुलीपाशी बसतो, पहिल्या पाच भाकरी होईपर्यंत. त्याच्या डोळ्याला पाणी आलं, तर गवंड्याला परत बोलावून साणं मोठं करून घ्यायचं. मग बाहेर यायचं आणि जेवणाआधी बायकोच्या डोळ्यांत नीट बघायचं. लोक हसतात, पोरीबाळी टाळ्या पिटतात, पण बघितल्याशिवाय ताट मिळत नाही. माझं घर झालं तेव्हा आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मी बसलो, बाहेर आलो आणि हिच्या डोळ्यांत पाहिलं. घारे निघाले. मला ठाऊकच नव्हतं.