शेवळांच्या वाटीची कहाणी

ऐक गे अन्नपूर्णे माये, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. नगराच्या रानाकडच्या अंगाला एक आळी होती, आळीत शेजारी शेजारी दोन जावा नांदत होत्या, आणि भर दुपारी दोघींचं भांडण जुंपलं होतं.

"भाजी तुम्ही सांगितलीत तशीच केली, जाऊबाई," धाकटी यमुना म्हणाली.

"मग तुझा हात चुकला," थोरली म्हाळसा म्हणाली. "घाटावरच्या पोरींना दाण्याच्या कुटापलीकडे काही कळतं का?"

"माझ्या हाताचं मागनं बघू. लेकीचा घसा धरलाय. काय घालायचं राहिलं तेवढं सांगा."

"सगळं सांगितलं. माझं काही राहत नाही."

भांडण कशावरनं? तर वाटीवरनं. त्या आळीत अन्नपूर्णेचा वसा होता. ज्येष्ठातल्या शुक्रवारी जिनं घरी जे रोजचं रांधलं असेल त्याची वाटी देवळात न्यावी. सगळ्यांनी बोट बोट चाखावं. मग रांधणारीनं कृती मोठ्यानं सांगावी. आमटी असो, पिठलं असो, लाजू नये. देवीला पोचतं ते सांगणं. वाटी बायाच चाटूनपुसून खातात. वाटी झाकू नये, कृती चोरू नये, एवढाच नेम. सोपा वाटतो ना? करून बघा.

म्हाळसाचा हात गोड, पण मन आखडतं. पहिल्या वर्षी तिनं चिंचगुळाची आमटी सांगितली, फोडणीतले मेथीदाणे सांगताना गिळले. आळीच्या आमट्या फिक्या झाल्या. दुसऱ्या वर्षी तिनं फणसाची सांदणं सांगितली, रवा भिजत ठेवायचा ते गिळलं. आळीची सांदणं दगड झाली. बाया म्हणाल्या, "कृती तीच, पण म्हाळसाच्या हाताचा गुणच वेगळा." ते ऐकायची तिला चटक लागली. अफूची बरी, पण या चटकेला उतारा नाही.

तिसऱ्या वर्षी तिनं शेवळं सांगितली. शेवळं म्हणजे ज्येष्ठाच्या तोंडाशी रानात भुईतून वर येतात ते तांबूस कोंब. भाजी अशी की माणूस ताट सोडत नाही. पण जातीची खाजरी. ती खाज मारतात काकडं. काकडं म्हणजे त्याच रानातली, त्याच दिवसांतली हिरवी आंबट फळं. ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. म्हाळसानं सवयीनं एक जिन्नस गिळला, आणि गिळला तो नेमका हाच. मनात वाईट नव्हतं. मनात काही नव्हतंच, हीच तर गोष्ट. देवळातल्या बायांना वाटलं, काकडांचं काय सांगायचं, शेंबडं पोर जाणतं. कुणी बोललं नाही. पण यमुना यंदाच घाटावरनं बिऱ्हाड घेऊन आली होती, शेवळं तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिनं ऐकलं तसं रांधलं, आणि पहिला घास लेकीला भरवला.

त्या दिवशी सारी आळी शिवारात. दारं लोटलेली, कुत्रं नाही की कोंबडं नाही. सांगणारी एकटी म्हाळसा. घसा धरला म्हणताच तिला आठवलं. काकडं. पण सांगावं तर चोरी कबूल. एक कबूल केली की आमटीची निघेल, सांदणांची निघेल, मग हाताचा गुण कुठं राहिला? म्हणून म्हणाली, "माझं काही राहत नाही."

यमुना गेली. म्हाळसा चुलीशी आली. भाताच्या तपेल्यावरचं झाकण उचलायला गेली, तर निघेना. उलथनं घालून उचकटलं, निघेना. आत भात रटरटतोय, करपल्याचा वास येतोय, झाकण हलत नाही.

यमुना दुसऱ्यानं आली. "जाऊबाई, लेक थुंकी गिळत नाही. सांगा."

"जाळ कमी पडला असेल तुझा," म्हाळसा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

यमुना गेली. म्हाळसाला तहान लागली. रांजणाकडे गेली, तर रांजणाचं झाकण निघेना. पितळी डबा ओढला, उघडेना. मिठाची बरणी घेतली, उघडेना. घरात जे जे झाकलेलं होतं ते ते मिटून बसलं होतं. भिंतीपलीकडनं लेकीचा श्वास ऐकू येत होता. ओल्या लाकडावर करवत चालावी तसा.

यमुना तिसऱ्यानं आली. लेक खांद्यावर, ओठ सुजलेले, डोळे पांढरे. "तुमच्या पायावर घालते हिला. सांगा."

आता म्हाळसाला सांगायचं होतं हो. खरंच सांगायचं होतं. तोंड उघडायला गेली, तर उघडेना. दातांवर दात बसले होते. तपेल्याला जे बसलं, रांजणाला जे बसलं, तेच तिच्या तोंडाला बसलं. बोटं घालून ओढलं, ओठांतनं रक्त आलं, शब्द आला नाही. यमुनेला वाटलं, ही हट्टानं गप्प आहे. ती उंबऱ्यावर थुंकली आणि माघारी फिरली.

मग परसदारी एक म्हातारी आली. हातात रिकामी वाटी. म्हणाली, "मला घासभर वाढ, आणि कसं केलंस ते सांग."

म्हाळसानं रडत तोंडाकडे बोट दाखवलं.

"मिटलं होय? बरं झालं. चालत होतं तेव्हा काय दिवे लावलेस?" म्हातारीनं वाटी खाली ठेवली. "तोंड नाही तर हात आहेत ना? हातांना अब्रू नसते, ते सुटतील. पोर आधी वाचव. तोंडाचं मग. ज्यांच्यापुढं खोटं बोललीस त्यांच्यापुढं ते एकदाच उघडेल, तेही खऱ्याला. खोट्याला उघडायला गेलीस, तर चितेवरही मिटलेलंच राहील."

म्हाळसा उठली. माळ्यावरच्या सुपातनं काकडं काढली, पाट्यावर ठेचली, रस गाळला, शिंक्यातला उघडा गूळ कालवला. भिंतीला वळसा घालून धावत गेली, यमुनेला बाजूला सारलं, लेकीच्या जिभेवर थेंब सोडला. मग थेंब. मग थेंब. करवत थांबली. किती वेळ काहीच ऐकू आलं नाही. दोघींनी एकमेकींचा हात धरला होता, ते त्यांना ठाऊकही नव्हतं. मग लेकीनं घोट घेतला आणि रडली.

परसात पाहिलं, तर म्हातारी नाही, वाटी नाही.

तिन्हीसांजेला आळी शिवारातनं परतली. रडणं ऐकून बाया दारात गोळा झाल्या. शेजारची ठमाबाई म्हणाली, "यमुने, तूच काही चुकलीस बघ. म्हाळसाच्या कृतीला कधी खोट नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या. "धन्य म्हाळसा, धावून तरी आली."

यमुनेचे डोळे भरले. "वाचवलंत, ते खरं. पण हात कुणाचा चुकला, ते आता सांगा."

सगळ्या म्हाळसाकडे बघत राहिल्या. यमुनेकडे नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. अब्रू राहिली असती, आणि मिटलेलं तोंडही.

बायांनो, हात जोडा. त्या आळीला अन्नपूर्णा जशी पावली तशी तुम्हां-आम्हां पावो. कुणाच्या लेकराचा घास अडू नये, कुणाच्या पोटात कृती अडू नये. बाकीच्या साठां उत्तरांच्या कहाण्या पांचां उत्तरांत उरकतात. ही मात्र एका उत्तरात सुफळ झाली, आणि ते उत्तर म्हाळसानं दारातच दिलं:

"यमुनेचा हात चुकला नाही, शेवळांत मूठभर काकडं ठेचून घालायची, आणि सांगताना म्हाळसानं ती चोरली होती, हेही कृतीबरोबर दर वर्षी सांगायचं."