तांबू आणि ‘हाड’

काठ्यांना आणि कुत्र्यांनाही बोलता यायचं, त्या काळची ही गोष्ट. सोनबा नावाचा एक आंधळा दोर वळणारा तांबू नावाच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या गळ्यातली दोरी धरून बाजाराला जाई. पण कुणी “हाड!” म्हटलं की तांबू शेपूट घालून पळत सुटे. एकदा तर त्याने सोनबाला अरुंद साकवावर एकटं सोडलं. सोनबा ओढ्यात पडता पडता वाचला.

“धनी, एक रट्टा हाणू द्या मला,” सोनबाच्या हातातली काठी म्हणाली. “येईल ताळ्यावर.”

“अगं, भ्यायलेल्याला आणखी भिववून काय मिळणार?”

त्या दिवसापासून सोनबा तांबूला जवळ घेऊन हळूच “हाड” म्हणे आणि लगेच खरोखरचं हाड त्याच्यापुढे धरी. आधी कुजबुजत, मग मोठ्याने, महिन्याभराने तर चक्क ओरडून.

मग एका बाजाराच्या दिवशी साकवावर समोरून कुणीतरी खेकसलं, “ए, हाड! हाड!”

काठीने श्वास रोखला. तांबू मात्र शेपटी हलवत सोनबाच्या पायाला चिकटून उभा राहिला. मग दोघं सावकाश पलीकडे पोचले.

“मामा,” तांबूने सोनबाला विचारलं, “हाड हाड तर सगळेच म्हणतात. मग देता एकटे तुम्हीच, असं का?”