ओढ्याकाठचं शेवटचं रान

बारा उंबऱ्यांच्या एका गावात रखमाजी नावाचा शेतकरी राहायचा. उतावळा किती, तर भाकरी तव्यावर असतानाच हा हात धुऊन ताटावर बसायचा.

त्या गावाची एक रीत होती. फार पूर्वी माळावर वस्ती पडली, तेव्हा साऱ्या गावात मिळून दोनच बैलजोड्या होत्या. म्हणून ज्वारीची पेरणी सगळे मिळून करायचे. ज्या रानाला आधी वाफसा येईल, म्हणजे माती पेरण्याजोगी होईल, त्याची पाळी आधी. पुढे बैलजोड्या वाढल्या आणि तिफणी, म्हणजे बैलांनी ओढायची पेरणीची अवजारं, चार झाल्या, त्यांतली एक रखमाजीची, पण रीत तीच राहिली. वाफसा गावातली जाणती म्हातारी तान्हाईमावशी पाहायची. ती वीतभर खोलीवरची माती काढून मुठीत दाबायची आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायची. गोळा फुटला की तिफणी निघायच्या.

रखमाजीचं रान ओढ्याकाठचं, काळं, चिकण, उशिरा वाळणारं. त्यामुळे त्याची पाळी दरवर्षी शेवटची. अकरा रानं पेरून होईपर्यंत त्याच्या जिवाला थारा नसायचा.

एका वर्षी पाऊस उघडला आणि माळावर पेरणी सुरू झाली. रखमाजी दिवसातून चारदा ओढ्याकडे जायचा आणि बांधावरून येरझाऱ्या घालायचा. "अहो, पीक यायच्या आधी बांध झिजेल," बायको म्हणाली. तो हसला नाही. मातीची वरची पापडी वाळलेली दिसली आणि त्याला राहवेना. मावशीला न विचारता त्याने माळावरून आपली तिफण सोडवून आणली आणि एकट्याने पेरायला सुरुवात केली.

खाली चिखल होता. बैलांचे पाय रुतले, तिफणीच्या नळ्या तुंबल्या, तरी त्याने घरातलं सगळं बी संपवलं. आठ दिवसांत बी कुजलं. एक कोंबसुद्धा वर आला नाही.

तिकडे तीन तिफणींवर गावाचं काम लांबलं. लोक चिडले होते. त्याचं रान तसंच पडू द्या, असंही कुणी म्हणालं. रखमाजीला ते कळलं. वर्षभर खायचं काय, या घोराने त्याला घरात बसवेना आणि चावडीवर जायला तोंड नव्हतं.

अकरावं रान पेरून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिफणी ओढ्याकडे वळल्या. मावशीने माती उकरली, गोळा सोडला. तो फुटला.

रखमाजी मान खाली घालून म्हणाला, "मावशे, मी मधेच पळालो. माझी पाळी गेली. आणि पेरायला दाणाही नाही."

"पाळी तुझी कधी होती रं? पाळी रानाची असती. रानानं काय गुन्हा केला?" असं म्हणून तिने ओटी सोडली. अकरा घरांतून ओंजळ ओंजळ बी आणलं होतं. रखमाजीला रडू आवरलं नाही.

सुगीला ते रान एकसारखं दिसेना. कुठे कणीस पांढरं, कुठे पिवळसर, कुठे ताट उंच, कुठे ठेंगणं. येणारा जाणारा आपल्या घरची ज्वारी ओळखून हसायचा. पण कणगी भरली.

पुढच्या वर्षी माळावर पहिली तिफण रखमाजीची उभी राहिली. पाय अजूनही एका जागी ठरत नव्हते. पण मावशी यायची होती, म्हणून बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो थांबला.

तात्पर्य: घाई माणसाला असते, मातीला नसते. एकट्याने उतावीळपणे पेरलेलं कुजतं, सगळ्यांनी वेळेवर पेरलेलं उगवतं.