तांबूची पातळ अंडी

कोंबड्या एकमेकींची दुखणी निवांत ऐकून घेत, त्या काळची गोष्ट. तांबू कोंबडीला अंडी उबवून पिल्लं काढायची होती; पण तिच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ, की ती बसली की फुटलीच. घाबरून तिने मालकिणीच्या ताकदीच्या गोळ्या पळवून आणल्या.

"अगं, थांब!" म्हातारी बदकीण ओरडली. "आयते तांदूळ मिळायला लागल्यापासून उकिरडा उकरलास का कधी?"

"पाय मळतात हो, आक्का."

"मळू देत की! मोठी राणीसाहेब लागून गेलीस!"

तांबू ओशाळली, गोळ्या तिथेच टाकून उकिरड्यावर चढली. किडे, कोवळा पाला, शिंपल्यांचा चुरा, मिळेल ते रोज टिपत राहिली. पंधरवड्याने घातलेल्या अंड्यावर तिने भीत भीत चोच मारली. टक्क! ती दचकून हातभर उडाली, आणि मग खुशीत त्यावर ऐसपैस बसली.